दिघ्याचा ठिपका पश्चिम बंगालमध्ये का उमटतो? आलेख आणि नकाशे काढण्याआधीचे काम

वागळे इस्टेटमधून ठाणे आणि नवी मुंबईभर माल पोचवणाऱ्या एखाद्या वितरकाची एक्सेल शीट घ्या. त्यात तारीख, गिऱ्हाईक, विभाग, पिनकोड आणि रक्कम असे कॉलम आहेत. ही शीट मायक्रोसॉफ्टच्या पॉवर बीआय या सॉफ्टवेअरमध्ये उघडून विभागाचा कॉलम नकाशाच्या चौकटीत ओढला की काही सेकंदांत ठिपके उमटतात. रबाळे, घणसोली जागच्या जागी दिसतात. दिघ्याचा ठिपका मात्र पश्चिम बंगालच्या समुद्रकिनाऱ्यावर जाऊ शकतो, नेरूळचा गोव्यात, वाशीचा धाराशिव जिल्ह्यात आणि बेलापूरचा श्रीरामपूरजवळ. यात सॉफ्टवेअरची चूक नसते. त्या नावांची गावे तिथे खरोखर आहेत आणि यातले आपले कोणते, हे शीटमध्ये कुठेच लिहिलेले नसते.

बिझनेस इंटेलिजन्स सॉफ्टवेअर म्हणजे नोंदींचे तक्ते एकमेकांशी जोडणारे, त्यांच्या बेरजा-सरासऱ्या काढून आलेख आणि नकाशात दाखवणारे साधन. मूळ शीटमध्ये नव्या नोंदी आल्या की डेटा रिफ्रेश करायचा, चित्र पुन्हा काढावे लागत नाही. पॉवर बीआय डेस्कटॉप फुकट मिळते, पण फक्त विंडोजवर चालते. गुगलचे लुकर स्टुडिओ ब्राउझरमध्येच चालते. २०२२ पर्यंत त्याचे नाव डेटा स्टुडिओ होते. टॅब्लोची पब्लिक आवृत्ती फुकट आहे, पण ती जगाला दाखवायच्या कामासाठीच आहे, त्यामुळे धंद्याचा हिशेब तिच्यावर चढवू नये. पुढच्या पायऱ्या पॉवर बीआयच्या आहेत. बाकी दोन्हींत बटणांची नावे वेगळी असतात, अडचणी त्याच येतात.

आलेख काढायला दोन मिनिटे लागतात. खरा वेळ जातो ठिकाणाचा आणि तारखेचा कॉलम साफ करण्यात, आणि तो तिथेच घालवायला हवा. डॅशबोर्ड, म्हणजे आलेख-नकाशांचे एकत्र पान, चुकीचे दिसते तेव्हा दोष बहुतेक वेळा या दोन कॉलममध्ये सापडतो.

ठिकाण नेमके सांगणे

नावावरून जागा शोधण्याच्या कामाला जिओकोडिंग म्हणतात. पॉवर बीआय शीटमधले ठिकाणाचे नाव मायक्रोसॉफ्टच्या नकाशा सेवेकडे पाठवते आणि सेवेला जे ठिकाण सर्वांत जुळणारे वाटते त्याचे अक्षांश-रेखांश परत येतात. म्हणून पहिला उपाय म्हणजे नाव अर्धवट पाठवू नये. पॉवर क्वेरीत, म्हणजे पॉवर बीआयच्या शीट साफ करण्याच्या खिडकीत, ‘अ‍ॅड कॉलम’ मधून ‘कस्टम कॉलम’ घ्या आणि विभागाच्या पुढे नवी मुंबई (किंवा ठाणे), महाराष्ट्र, भारत हे शब्द स्वल्पविरामांनी जोडा. मग मुख्य खिडकीत तो कॉलम निवडून वरच्या ‘कॉलम टूल्स’ मध्ये ‘डेटा कॅटेगरी’ ला ‘प्लेस’ द्या. पिनकोडच्या कॉलमला ‘पोस्टल कोड’ द्या आणि त्याचा ‘समरायझेशन’ ‘डोन्ट समराइझ’ करा. नाहीतर सॉफ्टवेअर ४००७०३ आणि ४००७०६ यांची बेरीज करून मोकळे होते.

एवढ्याने दिघा, वाशी, बेलापूर जागेवर येतात. पण ठाणे-नवी मुंबईत एक खास गुंता आहे. सिडकोने वसवलेल्या प्रत्येक नोडमध्ये, म्हणजे उपनगरात, सेक्टरचे आकडे पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात. सेक्टर १० वाशीतही आहे, नेरूळमध्येही, ऐरोलीतही आणि खारघरमध्येही. पत्त्यात नुसते ‘सेक्टर १०, नवी मुंबई’ असेल तर जगातली कोणतीही सेवा ते ओळखू शकणार नाही. नोड आणि सेक्टर मिळूनच ठिकाण ठरते. तसेच मानपाडा घोडबंदर रोडवर आहे आणि डोंबिवलीतही. दिवा म्हणजे जंक्शनचे दिवा की ऐरोलीजवळचे दिवा गाव, हेही लिहावे लागते.

विभाग तीस-चाळीसच असतील तर जिओकोडिंगच्या भरवशावर राहूच नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. तासाभराच्या कामात एक छोटा तक्ता हाताने तयार होतो: विभागाचे प्रमाण नाव, अक्षांश, रेखांश, महापालिका. गुगल मॅप्सवर त्या जागी राइट क्लिक केले की दोन आकडे दिसतात, त्यावर क्लिक केले की कॉपी होतात. पहिला आकडा अक्षांश, दुसरा रेखांश. ठाणे स्टेशनसाठी ते साधारण १९.१९ आणि ७२.९८ येतात. दोन दशांश स्थळे म्हणजे सुमारे एक किलोमीटरची अचूकता, चार म्हणजे सुमारे अकरा मीटरची. नोडच्या पातळीवर तीन स्थळे पुरतात, सोसायटी किंवा दुकान दाखवायचे असेल तर चार घ्या.

इथे दोन गोष्टी हमखास बिघडतात. पहिली म्हणजे अदलाबदल. अक्षांशाच्या जागी ७२.९८ आणि रेखांशाच्या जागी १९.१९ गेले की ठाण्याचे सगळे ठिपके नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात जाऊन बसतात. जिओजेसन नावाच्या फाइलमध्ये मुळातच रेखांश आधी आणि अक्षांश नंतर लिहितात. गुगल मॅप्सचा क्रम याच्या उलट असतो, त्यामुळे एकीकडून दुसरीकडे नेताना ही चूक फार होते. ठिपके आफ्रिकेच्या पश्चिमेला, गिनीच्या आखातात दिसले तर अक्षांश-रेखांश दोन्ही शून्य आहेत, म्हणजे मूळ शीटमध्ये ते रकाने रिकामे असून कुणीतरी तिथे शून्य भरले आहे. दुसरी गोष्ट बेरजेची. अक्षांशाचा कॉलम आकड्यांचा असल्यामुळे पॉवर बीआय त्याची बेरीज किंवा सरासरी करू पाहते. या दोन्ही कॉलमना ‘लॅटिट्यूड’ आणि ‘लाँजिट्यूड’ ही कॅटेगरी द्या आणि समरायझेशन बंद करा.

आता हा हाताने केलेला तक्ता विक्रीच्या शीटशी जोडायचा. इथे स्पेलिंग आडवे येते. एकाच शीटमध्ये कोपरखैरणे, कोपर खैरणे, कोपरखैराणे आणि इंग्रजीतली तीन रूपे सापडतात. पॉवर क्वेरीत तक्ते जोडताना इंग्रजी नावांतले लहान-मोठे अक्षरही वेगळे धरले जाते. म्हणून आधी ‘फॉरमॅट’ मधून ‘ट्रिम’, ‘क्लीन’ आणि ‘कॅपिटलाइज ईच वर्ड’ चालवा. मग न जुळलेली नावे शोधा: ‘मर्ज क्वेरीज’ मध्ये विक्रीची शीट वर, विभागांचा तक्ता खाली ठेवा, दोन्हीकडे नावाचा कॉलम निवडा आणि जोडणीचा प्रकार ‘लेफ्ट अँटी’ घ्या. उत्तरात फक्त अनाथ नावे येतात. ती एका दोन-कॉलमी तक्त्यात लिहा, डावीकडे शीटमधले रूप आणि उजवीकडे प्रमाण नाव. नव्या महिन्यात नवे चुकीचे रूप आले की त्यात एक ओळ वाढवायची. हा तक्ता सांभाळणारा माणूस ऑफिसात ठरलेला असावा, नाहीतर सहा महिन्यांत नकाशावरून चार विभाग गायब होतात आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

सीएसव्ही फाइलमधली मराठी नावे चौकोन किंवा विचित्र चिन्हांसारखी दिसली तर फाइल उघडताना ‘फाइल ओरिजिन’ मध्ये ६५००१, म्हणजे यूटीएफ-८, निवडा. जुन्या बिगर-युनिकोड फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर याने सुधारत नाही. तो आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावाच लागतो.

नकाशाचे चित्रच येत नसेल आणि त्या जागी नकाशे बंद असल्याचा संदेश दिसत असेल, तर ‘ऑप्शन्स’ मधल्या ‘सिक्युरिटी’ त नकाशा वापरण्याची परवानगी आहे का पाहा. कंपनीच्या खात्यात ती आयटी विभागाकडून मिळवावी लागते. बिंगवर चालणारे जुने नकाशे मायक्रोसॉफ्ट हळूहळू मागे घेऊन अ‍ॅझ्यूर मॅप्सकडे वळवत आहे, त्यामुळे नवे काम थेट अ‍ॅझ्यूर मॅप्सच्या व्हिज्युअलमध्ये सुरू केलेले बरे.

हद्दी कुणाच्या आणि कधीच्या

ठिपक्यांऐवजी प्रभाग किंवा जिल्हे रंगवायचे असतील तर हद्दीची फाइल लागते. ती बहुधा शेपफाइल म्हणून मिळते आणि शेपफाइल म्हणजे एकाच नावाच्या अनेक फाइलींचा गठ्ठा असतो: एसएचपी, एसएचएक्स, डीबीएफ आणि पीआरजे. यातली एक जरी मागे राहिली तर नकाशा उघडत नाही किंवा भलतीकडे उघडतो. पॉवर बीआयच्या ‘शेप मॅप’ ला टोपोजेसन हा हद्दींच्या फाइलचा प्रकार लागतो. मॅपशेपर या फुकट संकेतस्थळावर चारही फाइली एकत्र टाका, ‘सिम्प्लिफाय’ ची पट्टी दहा टक्क्यांच्या आसपास आणा, हद्दी ओळखू येतात ना ते पाहा आणि टोपोजेसन म्हणून उतरवून घ्या. मग शेप मॅपच्या ‘मॅप सेटिंग्ज’ मध्ये ‘कस्टम मॅप’ निवडून ती फाइल द्या. ‘व्ह्यू मॅप टाइप की’ दाबले की फाइलमधली नावे दिसतात. आपल्या शीटमधले नाव त्यांच्याशी अक्षरन् अक्षर जुळले तरच तो भाग रंगतो.

नकाशाच्या जागी काहीच दिसत नसेल तर फाइलमधले आकडे पाहा. ७२ आणि १९ च्या आसपासचे आकडे म्हणजे अंश. २,८६,००० आणि २१,२४,००० असे मोठे आकडे असतील तर ते मीटर आहेत, यूटीएम पद्धतीच्या ४३ उत्तर पट्ट्यातले. मॅपशेपरमधल्या ‘कन्सोल’ वर ‘प्रोज डब्ल्यूजीएस८४’ ही आज्ञा इंग्रजीत, पुढे उणे चिन्ह लावून दिली की ते अंशांत बदलतात. पीआरजे फाइल हरवलेली असेल तर हे रूपांतर आपोआप होत नाही, कारण मूळ पद्धत कोणती हे फक्त तिच्यातच लिहिलेले असते.

यापेक्षा मोठा धोका जुन्या हद्दींचा आहे. १ ऑगस्ट २०१४ ला ठाणे जिल्ह्यातून पालघर वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेत ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या १,१०,६०,१४८ आहे, पण त्यात पालघरचे सुमारे ३० लाख लोकही आहेत. आजच्या ठाण्याच्या हद्दीवर हा आकडा चढवला की दरडोई निघालेले प्रत्येक उत्तर खोटे ठरते. नवी मुंबईचीही अशीच गत आहे. लोक बोलताना खारघर, कामोठे, कळंबोली यांना नवी मुंबईच म्हणतात, पण ती पनवेल महापालिकेत आणि रायगड जिल्ह्यात येतात. पनवेल महापालिका २०१६ ची. दिघ्यापासून बेलापूरपर्यंतची नवी मुंबई महापालिका १ जानेवारी १९९२ ची आणि ती ठाणे जिल्ह्यात येते. ‘नवी मुंबईतली विक्री’ या आलेखात खारघर धरले आहे की नाही, हे त्याच्या शीर्षकाखालीच लिहा. पिनकोडला हद्द समजू नका. तो टपाल वाटपाचा पट्टा असतो, महापालिकेच्या विभागांशी त्याची सांगड नसते. ४००७०५ मध्ये तुर्भेही येते आणि सानपाडाही.

राज्याच्या नकाशात जुनी नावेही अडतात. फाइलमध्ये उस्मानाबाद, औरंगाबाद, अहमदनगर आणि शीटमध्ये धाराशिव, छत्रपती संभाजीनगर, अहिल्यानगर असेल तर ते तीन जिल्हे पांढरे राहतात. नावाऐवजी सरकारी कोड वापरला तर हा प्रश्नच उरत नाही.

देशाचा नकाशा प्रसिद्ध करणार असाल तर सीमा भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाशी जुळायलाच हव्यात. न जुळणारा नकाशा प्रसिद्ध करणे हा १९६१ च्या फौजदारी कायदा दुरुस्तीने गुन्हा ठरवला आहे. परदेशी सेवांच्या पार्श्वभूमीवरच्या सीमा जशाच्या तशा छापू नका.

रंग कशाला द्यायचा

छटांचा नकाशा काढताना सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे एकूण आकडा रंगवणे. समजा एका महिन्यात ठाणे महापालिकेकडे पाण्याच्या ९०० तक्रारी आल्या आणि नवी मुंबईकडे ७००. एकूण आकड्यांवर ठाणे गडद दिसेल. २०११ च्या जनगणनेनुसार ठाणे शहरात १८,४१,४८८ लोक होते आणि नवी मुंबईत ११,२०,५४७. दर लाखामागे तक्रारी काढल्या तर ठाण्यात ४९ आणि नवी मुंबईत ६२ येतात. चित्र उलटे झाले. पहिला नकाशा फक्त एवढेच सांगत होता की जिथे लोक जास्त तिथे तक्रारी जास्त.

दुसरा नकाशाही पूर्ण खरा नाही, कारण भाजक २०११ चा आहे. घोडबंदर रोडचा पट्टा त्यानंतर कितीतरी वाढला. पाण्याच्या तक्रारींसाठी चालू वर्षातल्या नळजोडण्यांची संख्या मिळाली तर ती लोकसंख्येपेक्षा उत्तम. भाजक कोणता घेतला आणि कोणत्या वर्षाचा, हे नकाशाच्या खाली लिहिल्याशिवाय तो कुणाच्या हाती देऊ नये.

छटांचे गट कुठे तोडायचे हे शक्यतो विषयाला विचारा. पावसाचा नकाशा असेल तर भारतीय हवामान विभागाच्या पायऱ्या तयार आहेत. २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर म्हणजे जोरदार, ११५.६ ते २०४.४ म्हणजे अति जोरदार आणि २०४.५ पासून पुढे अत्यंत जोरदार. सॉफ्टवेअर आपणहून सलग छटा देते किंवा समान अंतराचे गट पाडते. त्यात ११० आणि १२० मिलिमीटर जवळपास एकाच रंगात जाऊ शकतात आणि दोन वेगवेगळे इशारे एकसारखे दिसतात. अशा पायऱ्या नसतील तर पाचच गट करा. सातव्या छटेला डोळा सहावीपासून वेगळे करू शकत नाही. कमी ते जास्त दाखवायला एकाच रंगाच्या फिकट ते गडद छटा वापरा. लाल-हिरव्याची जोडी टाळा, कारण बऱ्याच पुरुषांना तिच्यातला फरक दिसत नाही. माहितीच नसलेला विभाग राखाडी ठेवा. त्याला सर्वांत फिकट छटा दिली तर तिथे तक्रारी नाहीत असा अर्थ निघतो.

वर्तुळांच्या नकाशात आकडा क्षेत्रफळातून दिसायला हवा. विक्री चौपट असेल तर वर्तुळाची त्रिज्या दुप्पट व्हावी. त्रिज्याच चौपट केली तर वर्तुळ सोळापट मोठे होते आणि एका मोठ्या गिऱ्हाइकाखाली अख्खे तुर्भे झाकले जाते.

आणि पुष्कळदा नकाशा नकोच असतो. नवी मुंबई महापालिकेचे आठ विभाग आहेत: बेलापूर, नेरूळ, वाशी, तुर्भे, कोपरखैरणे, घणसोली, ऐरोली, दिघा. कोणता पुढे आणि कोणता मागे एवढेच विचारले असेल तर उतरत्या क्रमाने लावलेल्या आठ आडव्या पट्ट्या नकाशापेक्षा लवकर उत्तर देतात. नकाशा तेव्हा काढावा जेव्हा शेजार महत्त्वाचा असतो, म्हणजे तक्रारी एकाच जलवाहिनीच्या आजूबाजूला आहेत का, किंवा ट्रान्स-हार्बर मार्गाच्या स्टेशनांभोवतीची दुकाने जास्त चालतात का, असा प्रश्न असेल तेव्हा.

आलेखातले तारखांचे घोटाळे

काळाबरोबर बदल दाखवायचा तर रेषा, तुलना करायची तर पट्टी. पट्टीचा अक्ष शून्यापासूनच सुरू करा. रेषेला ती सक्ती नाही. पाय चार्ट, म्हणजे गोल कापून तुकडे दाखवणारा आलेख, चार तुकड्यांपलीकडे वाचता येत नाही. याहून जास्त वेळ आलेखाच्या प्रकारावर घालवू नये.

तारखांवर मात्र घालवावा. ०५/०८/२०२५ ही आपल्याकडे ५ ऑगस्ट, पण संगणकाचा प्रदेश अमेरिका असेल तर ती ८ मे होते. १२ पर्यंतचे दिवस मुकाट्याने उलटतात आणि १३ पासूनचे चुकीचे म्हणून बाद होतात. महिन्याच्या आलेखात विक्री अर्ध्याहून खाली गेलेली आणि पुढच्या महिन्यांतल्या तारखांची विक्री आजच दिसू लागली, तर कारण हेच. पॉवर क्वेरीत उजवीकडच्या पायऱ्यांत आपोआप आलेली ‘चेंज्ड टाइप’ ही पायरी आधी काढून टाका. मग तारखेच्या कॉलमवर राइट क्लिक, ‘चेंज टाइप’, ‘युजिंग लोकेल’, प्रकार तारीख आणि लोकेल ‘इंग्लिश इंडिया’. आधीची पायरी तशीच ठेवली तर उपयोग होत नाही, कारण तोवर तारखा बिघडून गेलेल्या असतात.

महिन्यांचा क्रम एप्रिल, ऑगस्ट, डिसेंबर असा वर्णानुक्रमाने आला तर आर्थिक वर्षाच्या क्रमांकाचा कॉलम बनवा. महिन्याचा आकडा ४ किंवा जास्त असेल तर त्यातून ३ वजा करा, नाहीतर ९ मिळवा. एप्रिलला १ आणि मार्चला १२ येतो. मग महिन्याच्या नावाचा कॉलम निवडून ‘सॉर्ट बाय कॉलम’ मध्ये हा क्रमांक द्या.

रकमा मिलियनमध्ये येतात त्याचा साधा उपाय असा: मेजरमध्येच, म्हणजे बेरीज काढणाऱ्या सूत्रातच, बेरजेला एक लाखाने भागा, ‘डिस्प्ले युनिट्स’ ला ‘नन’ द्या आणि अक्षाच्या नावात ‘लाख रुपये’ लिहा.

बाहेर पाठवताना

जिओकोडिंगमध्ये पत्ते बाहेरच्या सर्व्हरवर जातात हे लक्षात ठेवा. दवाखान्याने रुग्णांचे किंवा पतपेढीने कर्जदारांचे पूर्ण पत्ते असे पाठवू नयेत; विभागाच्या पातळीवर बेरीज करून तेवढाच नकाशा काढावा. एखाद्या सेक्टरमध्ये दोन-तीनच रुग्ण असतील तर तो आकडाही झाकावा, कारण शेजाऱ्यांना ते कोण हे कळते. मूळ शीट ऑफिसच्या संगणकावर असेल तर वेबवरचा डॅशबोर्ड ताजा राहण्यासाठी त्या संगणकावर शीट आणि वेब जोडणारा ‘गेटवे’ हा प्रोग्रॅम बसवावा लागतो आणि ठरलेल्या वेळी तो संगणक सुरूही असावा लागतो.

ऑफिसातल्या माणसांना दाखवायला ‘शेअर’ आहे. ‘पब्लिश टू वेब’ हे वेगळे बटण आहे. त्यातून निघालेला दुवा ज्याच्या हाती पडेल त्याला पासवर्डशिवाय अहवाल उघडता येतो, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरलेला असला तरी. चुकून दाबले गेले असेल तर ‘सेटिंग्ज’ मधल्या ‘मॅनेज एम्बेड कोड्स’ मध्ये जाऊन तो कोड लगेच काढून टाका.